शंभर श्वास, मग माप

“बसा. शंभर श्वास झाले की माप.”

“शंभर... काय?”

“श्वास. त्या चटईवर बसा. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटा.”

“अहो, मला घाई आहे. अकराला कचेरी आहे. साहेब—”

“घाई उतरल्याशिवाय आमच्याकडे माप घेत नाहीत,” मी म्हटलं आणि मशीनवरचा सदरा पुढं सरकवला.

हणमंताशी माझं पहिलं बोलणं हे असं झालं. त्यात प्रेमाचं काही नव्हतं. समोर एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. कपाळावर घाम, उजव्या हाताच्या बोटांना शाई, आणि छाती नुसती वरखाली होत होती. माझ्या मनात एवढंच आलं, की याला शंभर पुरायचे नाहीत.

कन्नंबाडीचं धरण अर्धं वर आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मैसुरात, नजरबादेत कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं आणि घराच्या जगलीवर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, आप्पांचं दुकान. माझे आप्पा रंगराव शिंपी. दसऱ्याच्या दरबाराला लागणारे गळाबंद लांब कोट शिवावेत तर त्यांनीच, असं सगळे कारकून म्हणत. तरुणपणी त्यांच्या हातून एकच कोट बिघडला होता. एक बडे गृहस्थ धापा टाकत आले, आप्पांनी तसंच घाईत माप घेतलं, आणि ऐन दरबारात तो कोट गोणपाटासारखा लोंबला. त्या दिवसापासून नियम झाला. आधी शंभर श्वास शांत बसायचं, मग फीत.

पुढं गंमत अशी झाली, की लोकांना कोटापेक्षा बसणंच आवडू लागलं. वादिराज आचार दप्तरखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा कोट आठ वर्षांपूर्वी शिवून झाला होता, तरी रोज सकाळी यायचे. बसलं की डोकं दुखायचं थांबतं म्हणायचे. फत्तेसिंगराव जुन्या घोडेस्वारांच्या घराण्यातले. त्यांचा घोडा त्यांच्या मांडीखाली उभा राहत नसे. आप्पा त्यांना म्हणाले होते, “आधी तुम्ही स्थिर बसा, मग तो राहील.” असे सात-आठ जण जमत. गल्लीनं नाव ठेवलं, सुम्ने बसायची शाळा. सुम्ने हा आमच्या मैसुरी मराठीत शिरलेला कन्नड शब्द. उगीच, गप्प, काहीही न करता.

आदल्या थंडीत खोकल्यानं आप्पांचा आवाज बसला, तेव्हापासून आकडे मी म्हणू लागले. मशीनपाशी बसून मी माझे श्वास मोठ्यानं मोजायचे आणि चटईवरची मंडळी त्या लयीवर आपला श्वास सोडायची. या कामाला माझा आवाज योग्यच होता. आई म्हणायची, घराला आग लागली असं सांगायला हिला पाठवलं, तर लोकांना वाटेल चूल पेटली. मला त्याचा अभिमान होता. कशानं काही होत नाही, असा माझा स्वतःबद्दल समज होता.

तर हणमंत बसला. पहिले वीस श्वास त्याच्या भुवया हलत होत्या. तीसला खांदे उतरले. पन्नासला त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं आणि पटकन मिटला. शंभर झाल्यावर आप्पांनी छातीला फीत लावली. पस्तीस इंच. मी वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो परत आला.

“माप तर झालं की,” मी म्हटलं.

“बसायला आलो.” मग हाताकडं बघून म्हणाला, “मी नकाशे काढतो. कालव्यांचे. साहेब मागं येऊन उभे राहिले, की हात थरथरतो. काल इथून गेलो आणि दुपारपर्यंत एकही रेघ हलली नाही. दुपारनंतर परत सुरू.”

आप्पांनी त्याला शेजारी बसवलं. नव्या माणसाला ते नेहमी तेच सांगत, घोगऱ्या आवाजात. श्वास ओढू नका, ढकलू नका. जगलीवर बसून रस्त्यावरची माणसं बघतो ना, तसा येता-जाता बघा. मन मध्येच उठून जाईल. जाऊ द्या. आलं की पुन्हा आकडा धरा. रागवायचं नाही त्याच्यावर. गुंतलेला दोरा ओढला तर गाठ बसते, सैल सोडला तर सुटतो.

त्या दिवशी सगळे गेल्यावर हणमंत वहाणा घालताना मला म्हणाला, “मन फार जातं हो.”

“सगळ्यांचंच जातं. कुठं जातं?”

“तसं... फार लांब नाही जात. इथंच, मशीनच्या आसपास.”

“मग बरंच आहे,” मी म्हटलं. “परत आणायला सोपं.”

तो हसला आणि गेला. मी दिवसभर एका बाहीला दुसऱ्याच सदऱ्याची पट्टी जोडत बसले.

त्याचं माणूस म्हणावं असं कोणी मैसुरात नव्हतं. आमच्यातलाच, पण आईबाप लहानपणी गेले आणि शिवमोग्ग्याच्या मावशीनं वाढवलं. रोज साडेनवाला यायचा, पारिजातकाच्या बाजूच्या कोपऱ्यात बसायचा. चार-पाच आठवड्यांनी त्यानं कचेरीतून टाकाऊ झालेला ट्रेसिंगच्या कापडाचा एक तुकडा आणला. त्यावर निळ्या शाईनं एक कालवा काढला होता. लांबलचक रेघ, मध्ये एक वळण, कुठंही कापरेपणा नाही.

“ही एका दमात काढली,” तो म्हणाला. “साहेब मागं उभे होते.”

“छान आहे.”

“तुमचे आकडे मनात म्हणत होतो. वळण आलं तेव्हा पंचेचाळीस झाले होते.”

“माझे आकडे सगळ्यांसाठी असतात,” मी म्हटलं.

“हौदु हौदु, खरंय,” तो मान हलवत म्हणाला. “वादिराजांसाठीपण. ते तर तिसालाच घोरतात.”

मी तो तुकडा वहीत ठेवला. मापाच्या वहीत, म्हणजे तसं काही विशेष नाही. कापड कापडापाशीच ठेवलं.

श्रावण सरत आला आणि त्याचा कोट पहिल्यांदा अंगावर घालून बघायची वेळ आली. त्या दिवशी मी आईबरोबर देवराज मार्केटात गेले होते. परत आले तर आप्पा भिंतीला टेकून बसलेले.

“छातीत सैल. पुन्हा माप घेतलं. साडेतेहतीस भरली,” ते म्हणाले. “पस्तीस कसं वाचलं मी?”

कोट आत घेतला. आठ दिवसांनी तो पुन्हा घालून बघितला, तेव्हा मी मशीनवर होते. आता बटण काजापर्यंत पोचेना. आप्पांनी फीत लावली. पस्तीस. शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, ठेवली होती म्हणून निभावलं. पुन्हा उसवून सैल केला. तिसऱ्या वेळी मी परसात पापड वाळत घालत होते, आणि कोट परत ढगळ. साडेतेहतीस. आप्पांनी फीत पट्टीवर ठेवून तपासली, फेकून दिली, नवी काढली. नवीनंही तेच सांगितलं.

दुपारी जेवताना ते आईला म्हणाले, “बोट गेलं माझं, लक्ष्मी.”

आई म्हणाली, “अय्यो, एका कोटानं काय होतं!”

“तीस वर्षांत कुणाचा कोट दोनदा उसवला नाही मी. एकाच माणसाचं माप मला चार वेळा घेऊन कळत नाही, तर दुकान कशाला मांडायचं?” त्यांनी ताट सरकवलं. “अण्णाला पत्र घालतो. दसरा झाला की बेंगळूरला जाऊ. त्यानं कावेरीसाठी स्थळही बघितलंय तिथं.”

कावेरी म्हणजे मी, आणि अण्णा माझा थोरला भाऊ. दोन वर्षं बोलावत होता. आप्पा त्याला दर वेळी हसून उडवून लावत, आज हसले नाहीत. मी पाणी प्यायले आणि उठले.

आप्पा आडवे झाले तेव्हा मी वही उघडली. पस्तीस. साडेतेहतीस. पस्तीस. साडेतेहतीस. प्रत्येक आकड्यापुढं मी कुठं होते ते आठवलं. मशीनवर, मार्केटात, मशीनवर, परसात. मी तो कागद तीनदा वाचला, तसं वाचण्यासारखं त्यात फार नव्हतं. माझे कान तापले. बाप खचून पडलेला असताना मुलीला बरं वाटू नये, पण मला वाटलं. फार बरं वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ मनात आलं, हे आप्पांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी सगळे उठले तरी हणमंत वहाणा शोधत रेंगाळला. वहाणा त्याच्या पायापाशीच होत्या.

“तुम्ही श्वास का धरता?” मी विचारलं.

“कधी?”

“आप्पा फीत लावतात तेव्हा.”

“नाही धरत.”

“मी मार्केटात असले की नाही धरत.”

तो थांबला. त्याच्या तोंडावर एक-एक गोष्ट उगवताना मी पाहिली. मग त्यानं डावी वहाण उजव्या पायात घातली.

“म्हणजे कोट...”

“कोट बरोबर आहे. आप्पाही बरोबर आहेत. तुम्ही चुकताय.”

“देवाशपथ सांगतो, मुद्दाम नाही केलं. मला ठाऊकच नव्हतं.”

“ते कळलं मला. आता आप्पांना सांगा. ते दुकान मोडून बेंगळूरला निघालेत, आपलं बोट गेलं म्हणून.”

“तुम्ही सांगा की...”

“मी काय सांगू? माझ्यापायी परक्या माणसाची छाती दीड इंच फुगते म्हणून? बापाला?”

“अय्यो,” तो म्हणाला. मग हळूच, “ते रागावले तर? उद्यापासून येऊ नको म्हणाले तर?”

“नाही सांगितलंत तर यायला जागाच राहायची नाही.”

पारिजातकाची चार फुलं चटईवर पडली होती. ती त्यानं उगीच गोळा केली, उगीच परत ठेवली.

“आणि तुम्हाला... तुम्हाला काय वाटतं?”

“कशाबद्दल?”

“दीड इंचाबद्दल.”

मला काय वाटत होतं ते एका शब्दात सांगता आलं असतं. तो शब्द ओठापर्यंत आलाही. पण मी म्हणाले, “अकरा वाजत आले. तुमची कचेरी.” मी भित्री आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे तीन दिवस तो आला नाही. पारिजातकाचा कोपरा रिकामा राहिला. मी सपाट आवाजात शंभर म्हणत होते आणि दर वेळी गल्लीतून कुणी वळलं, की मान वर होत होती. तिसऱ्या दिवशी वादिराज डोळे चोळत म्हणाले, “आज लवकर संपलं की ग, कावेरी.”

“शंभर म्हणजे शंभरच, आचार.”

“हं,” ते म्हणाले आणि छत्री घेऊन गेले.

चौथ्या दिवशी आप्पा मोठी कात्री तेल लावून फडक्यात गुंडाळत होते. तेवढ्यात हणमंत आला. डोळे लाल, केस विस्कटलेले, पण चाल संथ. कुणाशी न बोलता कोपऱ्यात बसला आणि डोळे मिटले. मी मोजू लागले. त्यानं सगळे श्वास पुरे केले, एकदाही डोळा उघडला नाही. मग उठून आप्पांसमोर उभा राहिला.

“काका, तुमचं बोट गेलेलं नाही.”

आप्पांनी कात्री बाजूला ठेवली. “मग काय गेलंय?”

“माझा श्वास जातो. म्हणजे... अडकतो.” त्यानं एकदा मशीनकडं बघितलं. “या इथं असल्या की अडकतो. नसल्या की नीट चालतो. दोन महिने तुमच्याकडं शिकतोय, बाकी सगळं जमलं. तेवढं जमत नाही.”

फत्तेसिंगरावांनी दोन्ही डोळे उघडले. दारात आई येऊन उभी राहिली. आप्पा खांद्यावरची फीत काढून म्हणाले, “कावेरी, आत जा.”

मी आत गेले. पाट्या-वरवंट्यापाशी उभी राहिले. बाहेरून आप्पांचा आवाज आला, “साडेतेहतीस.” मग, “बाहेर ये.”

मी उंबऱ्यात आले. काहीच केलं नाही, नुसती उभी राहिले. फीत हणमंताच्या छातीवर होती आणि आप्पांच्या चिमटीतून ती सरकताना सगळ्यांना दिसली. त्याचा चेहरा शेंदरासारखा झाला. सोडायचा प्रयत्न करत होता बिचारा, पण श्वास काही सुटेना.

“पस्तीस,” आप्पा म्हणाले. वाकून पुन्हा बघितलं. “पस्तीस आणि एक सूत.”

फत्तेसिंगराव असे हसले, की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. आप्पांनी फीत डोळ्यांना लावली. त्यांना आधी शिंपी म्हणून आनंद झाला. बाप म्हणून राग यायला जरा वेळ लागला. पण आला.

“आणि हिच्या मनात काय आहे, ते विचारलंत का? का नुसती छाती फुगवून आलात?”

सगळे माझ्याकडं बघू लागले. तेव्हा वादिराज कोपऱ्यातून म्हणाले, “नोडी, बघा रंगराव, मी जन्मभर दप्तर सांभाळलं. आकडा चुकला की मला झोपेतपण कळतो. हा मुलगा बसलेला असतो, तेव्हा ही एकसष्ट ते सत्तर दोनदा म्हणते. कधी तीनदा. तो नव्हता ते तीन दिवस शंभराचे शंभर. आणि आज,” ते दाढी खाजवत म्हणाले, “आज एकशे तीस झाले.”

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी कुणाकडं बघावं ते न कळून जमिनीकडं बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला, ती हसत होती की काय कोण जाणे.

आप्पांनी फडकं सोडलं आणि कात्री बाहेर काढली. “मावशीचा शिवमोग्ग्याचा पत्ता लिहून द्या,” ते हणमंताला म्हणाले. “आणि कोट साडेतेहतीसवरच शिवणार मी. दरबारात ही नसते.”

मावशीचं उत्तर नवरात्रात आलं. मुलीला मोजता येतं का, एवढंच तिनं विचारलं होतं. तिच्या भाच्याला घरातलं सामान सांभाळता येत नसे. वादिराजांनी तोंडी उत्तर दिलं, की मोजते, पण जरा जास्त.

विजयादशमीला दुपारी आम्ही बन्नीमंटपाच्या रस्त्यावर एका ओळखीच्यांच्या कट्ट्यावर उभे होतो. मिरवणूक निघाली. घोडेस्वार गेले, फत्तेसिंगरावांचा घोडा त्यांच्याखाली एकदाही उडाला नाही. हत्ती गेले. धूळ खाली बसली, आणि रस्त्याच्या पलीकडं कचेरीची माणसं दरबारी पोशाखात रांगेनं उभी असलेली दिसली. तिसरा हणमंत. जरीची पगडी, काळा कोट, कुठं एक सुरकुती नाही. आप्पांनी माझ्या शेजारी समाधानानं मान डोलवली.

मग त्यानं मला बघितलं.

मी चेहरा अगदी सरळ ठेवला होता, पण त्याचा उपयोग झाला नाही. कोटाचं वरून दुसरं बटण उडालं, समोर उभ्या असलेल्या साहेबांच्या पगडीवर टिचकीसारखं लागलं आणि धुळीत पडलं. हणमंत तसाच उभा, डोळे माझ्यावर, कानांपर्यंत लाल. माझाही श्वास कधीचा अडकला होता, हे मला तो सोडताना कळलं.

“दोरा तुटला,” आप्पा शांतपणे म्हणाले. “काज शाबूत आहे. कापणी बरोबर होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाच्या आधीच हणमंत जगलीवर हजर. मुठीत बटण, खांद्यावर कोट. चटई अजून कुणी घातलीही नव्हती. आप्पा आत पूजेला बसले होते.

“मामांना सांगाल?” तो म्हणाला. कालपर्यंत काका म्हणत होता. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. “बटण लावून पाहिजे.”

“मीच लावते. बसा आधी. शंभर श्वास.”

तो चटई उलगडत वर बघून हसला. “मला घाई आहे.”

मी सुईत दोरा ओवत होते. दोरा तिसऱ्यांदा हुकला.

“मलाही,” मी म्हटलं.